सांडवा निवडताना

गच्चीवरची टाकी भरली की काय होते ते तुम्ही रोज पाहता. टाकीच्या वरच्या अंगाला एक आखूड नळी बसवलेली असते. तिच्यातून पाणी धो धो पडू लागले, की खालून कोणीतरी ओरडते, ‘अरे, मोटार बंद करा!’ त्या नळीला आपण सरसकट ‘ओव्हरफ्लो’ म्हणतो. धरणावर हेच काम करणाऱ्या भागाला मात्र मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे सांडवा. जास्तीचे पाणी जेथून सांडू द्यायचे, तो सांडवा.

या लेखात मी एका फारच लहान सांडव्याविषयी लिहिणार आहे. घरात प्रवाळांचे, म्हणजे खाऱ्या पाण्याचे, मत्स्यालय ठेवणारे हौशी लोक असतात. त्यांच्यात सांडवा कोणता बसवावा यावर पुष्कळ वाद चालतो. नांदेड-लातूरच्या मुलांना समुद्राशी काय देणे-घेणे, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण या वादात जे भौतिकशास्त्र दडले आहे, तेच मांजरा धरणावर आणि तुमच्या मामाच्या शेततळ्यावरही लागू पडते. शिवाय या बाबतीत माझे एक ठाम मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा खटाटोप.

आधी या मत्स्यालयाची रचना समजून घेऊ. वर काचेची मुख्य टाकी असते. तिच्यात मासे आणि प्रवाळ राहतात. खाली, कपाटात, दुसरी एक टाकी दडवलेली असते. पाणी गाळण्याची साधने, तापमान राखण्याची साधने आणि पंप हे सारे खालच्या टाकीत असते. पंप पाणी वर चढवतो आणि वरच्या टाकीतले पाणी सांडव्यातून आपोआप खाली येते. असे हे चक्र रात्रंदिवस चालू राहते.

सांडव्याचे काम एवढेच नाही. दूध तापवून ठेवले की वर साय धरते, तसा अशा पाण्यावर प्रथिनांचा आणि तेलकट द्रव्यांचा पातळ पापुद्रा धरतो. तो हवेतील ऑक्सिजनला आत येऊ देत नाही आणि प्रकाशही अडवतो. पाणी नेहमी पृष्ठभागावरून सांडत राहिले, तर हा पापुद्रा रोजच्या रोज निघून जातो. साय काढण्याचे हे काम पंप एकटा करू शकत नाही, ते सांडवाच करतो. आणखी एक गंमत पाहा. सांडव्यामुळे वरच्या टाकीची पातळी कायम राहते. त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी उडाले, तरी घट वर दिसतच नाही. ती सगळी खालच्या टाकीत दिसते.

आता सांडव्याचे प्रकार पाहू. पहिल्या प्रकारात काचेला भोक पाडावे लागत नाही. काठावर आत एक आणि बाहेर एक अशा दोन लहान पेट्या अडकवतात आणि उलट्या ‘यू’ आकाराच्या नळीने त्या जोडतात. ही नळी म्हणजे वक्रनलिका, म्हणजेच सायफन. शाळेत तुम्ही रबरी नळीने बादलीतले पाणी काढण्याचा प्रयोग केला असेल. तोच हा प्रयोग. दिसायला सोपा, बसवायला सोपा, काच फुटण्याची धास्ती नाही.

तरीही हा प्रकार मी घरात घेणार नाही. वक्रनलिकेच्या माथ्यावर पाण्याचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. दाब कमी झाला की पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते आणि माथ्याशी साचते. प्रवाह जोराचा असेल तर तो हे बुडबुडे वाहून नेतो. प्रवाह मंद असेल तर ते तेथेच राहतात, एकमेकांत मिसळतात, आणि एके दिवशी नळीतील पाण्याची साखळी तुटते. साखळी तुटली की सांडवा मेला. पण पंपाला हे कोण सांगणार? तो बिचारा खालचे पाणी वर ओतत राहतो. पहाटे घरातले लोक उठतात तेव्हा फरशीवर खारे पाणी पसरलेले असते.

वीज गेली तर काय होईल? पंप थांबतो, वरची पातळी पेटीच्या काठापर्यंत उतरते आणि प्रवाह थांबतो. नळीची दोन्ही तोंडे पेट्यांतल्या पाण्यात बुडालेली राहिली, तर साखळी टिकते आणि वीज आल्यावर चक्र पुन्हा सुरू होते. एखादे तोंड उघडे पडले, किंवा माथ्याशी आधीच हवा साठली असली, तर ते सुरू होत नाही. म्हणजे या सांडव्याची खरी परीक्षा वीज जाते तेव्हा नसते, वीज परत येते तेव्हा असते. आणि ती परीक्षा पाहायला कोणी जागे असेलच असे नाही. मराठवाड्यात भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वळवाच्या वाऱ्यात आजही वीज जाते, आणि पाच मिनिटांत तीन वेळा येते-जाते.

दुसऱ्या प्रकारात टाकीला भोक पाडून त्यात उभी नळी बसवतात. नळीच्या माथ्याशी वाकण असते आणि त्याच्यावर हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. एका अमेरिकन हौशी माणसाच्या नावावरून तिला दुर्सो नळी म्हणतात. नळीत पाणी आणि हवा मिसळून उतरतात. ही नळी थोडा आवाज करते आणि आपल्या आकाराच्या मानाने कमी पाणी नेते. पण तिला कोणी सुरू करावे लागत नाही. पाणी चढले की ते सांडणारच. गुरुत्वाकर्षण कधी सुटीवर जात नाही.

तिसऱ्या प्रकारात एकाहून अधिक नळ्या असतात. पहिली नळी पूर्ण भरून वाहते आणि तिच्या खालच्या टोकाला झडप असते. झडप फिरवून प्रवाह बरोबर पंपाएवढा करायचा. हवा नसल्यामुळे ही नळी अजिबात आवाज करत नाही. दुसऱ्या एका नळीचे तोंड जरा वर असते. ती एरवी कोरडीच असते आणि संकटकाळी कामाला येते. या जोडीला ‘हर्बी’ म्हणतात. ‘बीनॲनिमल’ नावाच्या पद्धतीत नळ्या तीन असतात : एक भरून वाहणारी, दुसरी उरलेले थोडे पाणी हवेसह नेणारी, तिसरी कोरडी. पहिली तुंबली तर पातळी चढते, दुसरीची हवेची नळी पाण्यात बुडते, आणि मग तीही भरून वाहू लागते. तीही तुंबली तर तिसरी आहेच.

इतक्या नळ्यांची खरेच गरज आहे का? येथे थोडे गणित केले पाहिजे. भरून वाहणाऱ्या नळीतील वेग पाण्याच्या एकूण उतरणीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. समजा वरची पातळी खालच्या पातळीपेक्षा ७५ सेंटिमीटर उंच आहे. घर्षण सोडून दिले तर वेग सेकंदाला सुमारे ३.८ मीटर येतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून त्या वेगाने तासाला साडेसहा हजार लिटरहून अधिक पाणी जाईल. प्रत्यक्षात घर्षणामुळे आणि वाकणांमुळे ते बरेच कमी होते, तरी पुष्कळच म्हणायचे. म्हणून लोक या नळीवर खूश असतात. पण आता वरची पातळी १ सेंटिमीटरने चढली असे समजा. उतरण ७५ ऐवजी ७६ सेंटिमीटर झाली. प्रवाह किती वाढला? शेकडा एकसुद्धा नाही! म्हणजे भरलेल्या नळीजवळ ऐन वेळी द्यायला राखीव ताकद जवळजवळ नसते. शेवाळाचा एखादा पुंजका अडकला, गोगलगाय तोंडाशी जाऊन बसली, की तिचे काम कमी पडते. पाणी चढले तरी ती काही जास्त जोमाने वाहत नाही.

याउलट उघड्या काठावरून सांडणारे पाणी पाहा. काठावर पाण्याचा जो थर असतो, त्याची उंची चौपट झाली तर प्रवाह चौपट नव्हे, आठपट होतो. बंद नळीत उतरण चौपट झाली तर प्रवाह फक्त दुप्पट. आठ कोठे आणि दोन कोठे! तासाला २००० लिटर पाणी ३० सेंटिमीटर लांबीच्या काठावरून सांडत असेल, तर थराची उंची सुमारे १ सेंटिमीटर असते. काठ ९० सेंटिमीटर लांब केला तर ती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही कमी होते. थर जितका पातळ, तितकी साय चांगली निघते. म्हणून काठ लांब असावा, उघडा असावा, आणि नळी त्याच्या पाठीशी असावी.

आता वीज गेल्यावरचा हिशेब. टाकी ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे असे धरू. पंप थांबल्यावर पाणी काठापर्यंत २ सेंटिमीटर उतरले, तर ९० × ४५ × २ म्हणजे ८१०० घनसेंटिमीटर, साधारण ८ लिटर पाणी खाली येईल. खालच्या टाकीत तेवढी रिकामी जागा हवी. पण एक चोरवाट विसरू नका. पाणी वर नेणाऱ्या नळीचे तोंड पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटरवर असेल, तर पंप थांबताच तीच नळी उलटी वक्रनलिका बनते आणि ४० लिटर पाणी खाली ओढते. उपाय अगदी साधा आहे. तोंड पृष्ठभागालगत ठेवावे, किंवा पृष्ठभागालगत नळीला एक बारीक छिद्र पाडावे. हवा आत शिरली की साखळी तुटते. हेच छिद्र कचऱ्याने बुजले म्हणजे मात्र पंचाईत.

उलट संकटाचाही विचार करा. सर्व सांडवे तुंबले आणि पंप चालूच राहिला, तर? पंप ज्या कप्प्यात बसवला आहे त्यात फक्त १५ लिटर पाणी ठेवले असेल, तर पंप तेवढेच वर नेऊ शकेल. १५००० ला ४०५० ने भागा. वरची पातळी ३.७ सेंटिमीटर चढेल. काचेचा काठ पातळीपेक्षा ५ सेंटिमीटर उंच ठेवलेला असेल, तर एक थेंबही फरशीवर येणार नाही. सारे बिघडले तरी नुकसान किती होईल याचा हिशेब आधीच करून ठेवणे, यालाच मी अभियांत्रिकी म्हणतो. नळी कोणत्या कंपनीची घ्यावी ही चर्चा त्यानंतरची.

आता आपल्या गावी येऊ. धरणाचे सांडवे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक उघडा : पाणी ठरलेल्या उंचीवर पोचले की आपोआप वाहू लागते. दुसरा दरवाजांचा : दरवाजे उचलले तरच पाणी सुटते. उघडा सांडवा विश्वासू खरा, पण त्याच्या माथ्यावर पुरासाठी जी जागा सोडावी लागते, तेथे पाणी साठवता येत नाही. दरवाजे लावले की तीही जागा साठ्याला मिळते. जेथे थेंब थेंब मोलाचा, तेथे दरवाजे बसवण्याचा मोह होणारच, आणि तो चुकीचाही नाही. पण त्याची किंमत असते. दरवाजा केव्हा उघडायचा हे कोणीतरी ठरवावे लागते. लवकर उघडला आणि पुढे पाऊस आला नाही, तर साठा गेला. उशिरा उघडला, तर खालच्या गावांत पाणी शिरले.

लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाची गोष्ट तुमच्या घरच्यांना विचारा. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले होते. लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ती साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावली होती. आणि त्याच धरणाचे दरवाजे सप्टेंबर २०२१ मध्ये उघडावे लागले, तेव्हा नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. तेच धरण, तोच सांडवा, मध्ये फक्त पाच वर्षे. नांदेडकरांना विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात ऐकू येते, आणि गोदावरीच्या घाटांवरचे लोक पायऱ्या मोजू लागतात.

दरवाजा आणि उघडा सांडवा यांचा मेळ घालण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. विश्वेश्वरय्या त्या वेळच्या मुंबई इलाख्यात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की स्वतःहून उघडणारे आणि उतरले की मिटणारे दरवाजे त्यांनी योजले. १९०३ मध्ये ते पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले गेले. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. कोल्हापूरच्या मुलांना त्यांची बातमी पाठ असते. माणूस झोपला तरी पाणी जागे असते, हे ओळखून केलेली ही योजना आहे.

आणि सांडवा अपुरा पडला तर? ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरवीजवळच्या मच्छू-२ धरणात सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक पाणी आले. ते मातीच्या बांधावरून वाहिले, बांध फुटला आणि हजारो माणसे दगावली. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेले तर ती बहुधा तग धरते. मातीच्या बांधावरून गेले तर ते माती कापत जाते. तुमच्या गावच्या शेततळ्याचा आणि पाझर तलावाचा बांध मातीचाच असतो. म्हणून तेथे उघडा, रुंद आणि झुडपे साफ केलेला सांडवाच हवा. त्यात फळ्या किंवा वाळूच्या गोण्या टाकून चार बोटे पाणी वाढवण्याची हौस अनेकांना असते. ती मला मुळीच पसंत नाही.

मत्स्यालयाबद्दलही माझे मत याच वाटेने जाते. भरून वाहणारी नळी आणि झडप जरूर वापरा, पण एक नळी अशी हवी की तिला झडप नाही, वळण नाही, आणि एरवी पाणीही नाही. तिच्या तोंडावर बारीक जाळी बसवू नका. जाळी तुंबते. काही हौशी लोक म्हणतात, वर्षानुवर्षे कोरडी राहणारी नळी ही उधळपट्टी आहे. असू द्या. विमा उतरवणाऱ्या माणसाला घर जळले नाही म्हणून कोणी मूर्ख म्हणत नाही.

मग लातूर-नांदेडला प्रवाळांचे मत्स्यालय ठेवावे का? माझे उत्तर आहे, नाही. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी थंड ठेवणारे यंत्र दिवसरात्र चालवावे लागेल. दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. आपल्या ९० × ४५ च्या टाकीतून, समजा, रोज ८ मिलिमीटर पाणी उडाले, तर ते सव्वातीन लिटर झाले. मीठ मागेच राहते, म्हणून भर शुद्ध पाण्याचीच घालावी लागते. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर टाकून देते असे धरले, तर रोज तेरा लिटर नळाचे पाणी झाले. महिन्याला सुमारे चारशे लिटर. पाणीगाडी पाहिलेल्या शहरात या आकड्याकडे मला सहजपणे पाहता येत नाही. तिसरी गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात २००१ साली प्रवाळांचा समावेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, करण्यात आला. आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा आहे. प्रवाळ पाहायचेच असतील तर सहलीला मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आहेत.

पण सांडवा मात्र शाळेतच बांधा. त्याला मीठ नको, मासाही नको. दोन प्लॅस्टिकचे टब घ्या, एक बाकावर आणि एक जमिनीवर. कूलरचा लहान पंप घ्या. टबाला भोक पाडून हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा टाकीचा निपल बसवा. (काचेची टाकी वापरायची असेल तर एक सावधगिरी : टफन्ड काच भोक पाडताना तुकडे तुकडे होऊन फुटते.) विजेची जोडणी शिक्षकांनीच करावी. वायर प्लगच्या खाली झोका घेऊन मग वर जावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी प्लगपर्यंत पोचणार नाही. पंप चालू असताना पाण्यात हात घालू नये.

प्रथम काठावर वक्रनलिका टाकून पाहा. पंप बंद करा, पाच मिनिटे थांबा, पुन्हा चालू करा. असे वीस वेळा करा आणि किती वेळा साखळी तुटली ते मांडा. मग पंपाच्या तोंडाला बोळा लावून प्रवाह निम्मा करा आणि तेच पुन्हा करा. नंतर वक्रनलिका काढून उभी नळी बसवा, आणि तिच्याशेजारी बोटभर उंच अशी दुसरी कोरडी नळी. पहिल्या नळीत मुद्दाम फडके कोंबा. वरच्या टबातील पाणी कोठवर चढले तेथे खडूने रेघ मारा. तबकाएवढी फरशी जरी ओली झाली, तरी ते वहीत लिहा, आणि लेखाच्या मध्यावरचा भागाकार आपल्या टबाच्या मापांनी पुन्हा करून पाहा.